चार महिने, सहा मीटर

खाण म्हटलं की डोळ्यांसमोर कोळसा येतो. चंद्रपूर, वणी, फार तर धनबाद. जळगाव-धुळ्यात कोळसा नाही, पण खाणी आहेत. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. अशा रस्त्यांखालची खडी इथल्या काळ्या दगडाची. हा दगड जिथून निघतो, तिलाही १९५२ चा खाण कायदा खाणच म्हणत असे.

मात्र त्याच कायद्यात एक सूट होती. दगड, मुरूम किंवा साध्या वाळूची उघडी खोदाई कुठेही सहा मीटरपेक्षा खोल नसेल, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं कामावर नसतील आणि सुरुंगाची दारू वापरली जात नसेल, तर मोजकी कलमं सोडून बाकीचा कायदा तिथे लागू होत नसे. निरीक्षकाला आत शिरता येई, अल्पवयीन मुलांना कामावर लावता येत नसे, असं थोडंच उरे. प्रथमोपचार, अपघाताची सूचना, धुळीनं होणाऱ्या आजाराची नोंद या जबाबदाऱ्या सुटत. पाच मीटरवरून दगड डोक्यात पडला तर माणूस वाचतो, असं कायदा म्हणत नसे. तो फक्त तिथवर पोहोचत नसे.

भारतात खाणींचा कायदा आला तो माणसं मेल्यावर. १८९७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत आणि १८९९ मध्ये बलुचिस्तानातल्या खोस्तच्या कोळसा खाणीत मोठे अपघात झाले. त्यानंतर १९०१ चा कायदा झाला आणि १९०२ च्या जानेवारीत कलकत्त्यात खाण निरीक्षणाचं सरकारी कार्यालय उघडलं. आज धनबादला असलेलं खाण सुरक्षा महासंचालनालय ते हेच. मोठ्या खाणीतला मृत्यू सरकारला दिसतो. उथळ खाणीत एकेक माणूस जायबंदी होतो, तेव्हा तो दिसावा अशी सोयच कायद्यात नसते.

व्याख्येच्या बाहेर राहण्याचा हा अनुभव खानदेशाला नवा नाही. इथल्या जिनिंगवाल्यांनी तो खाण कामगारांच्याही आधी घेतला.

१८६० च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला आणि पुढे रेल्वेकाठच्या गावांत वाफेवरची जिनं उभी राहिली. जिनात कापसातली सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, मग प्रेसमध्ये गाठी बांधल्या जातात. यंत्राला कापूस भरवण्याचं काम मुख्यतः बायकांचं. हवेत तंतू, अंगावर तंतू, आणि हाताजवळ फिरता रूळ.

सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सुधारकांनी मुंबईत कामगार कायद्याची मागणी लावून धरली. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनाही तो हवाच होता, कारण इथल्या गिरण्या त्यांना स्पर्धा करू लागल्या होत्या. १८८१ मध्ये हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी ॲक्ट आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर बंदी, बारापर्यंतच्या मुलांना नऊ तास, धोकादायक यंत्रांना कुंपण. पण कारखाना म्हणजे काय? जिथे किमान शंभर माणसं काम करतात आणि जो वर्षातले किमान चार महिने चालतो तो. कापसाचा हंगाम त्याआधी आटोपला, की ते जिन कारखाना नव्हतंच.

मुंबई सरकारनं १८८४ मध्ये नेमलेल्या आयोगासमोर खानदेशातल्या जिनांची हकिकत आली. पहाटे सुरू झालेलं काम रात्रीपर्यंत चाले, आणि हंगामाचा जोर असला की रात्रंदिवस. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, जखमी कामगाराला भरपाई अशा मागण्या त्यात होत्या. मुंबईच्या गिरणी कामगाराला लोखंडे होते. जिनातली बाई हंगाम संपला की गावी परत जायची. तिची संघटना बांधायला वर्षाचे बाराही महिने कुणी एका जागी नव्हतं.

१८९१ मध्ये शंभराची अट पन्नासवर आली, बायकांना अकरा तासांची मर्यादा मिळाली. चार महिन्यांची अट तशीच राहिली. ती १९११ मध्ये गेली, हंगामी कारखाने कायद्यात आले. पण त्याच कायद्यानं बायकांना रात्रपाळीतून मोकळं करताना जिनिंग-प्रेसिंगला सवलत ठेवली. १९३४ च्या कायद्यानं कारखान्यांचे दोन वर्ग केले. बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तास, हंगामी कारखान्यांत ६०. हंगामीच्या यादीत जिनिंग-प्रेसिंग पहिल्या ओळीत होतं.

मधल्या काळात, १९२५ मध्ये, जिनिंग-प्रेसिंगचा स्वतंत्र कायदाही झाला. तो कापसाच्या शुद्धतेसाठी होता. प्रत्येक गाठीवर क्रमांक आणि प्रेसची खूण हवी, असं त्यात ठरलं. गाठ कुठल्या प्रेसमधली ते सांगता येऊ लागलं. ती दाबणारी माणसं मात्र नोंदीत तात्पुरतीच राहिली. पुढे २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत जिनिंगचं आधुनिकीकरण झालं. पक्के ओटे आले, कापूस वाहून नेणारी यंत्रं आली. उद्देश पुन्हा स्वच्छ रुई हाच होता. डोक्यावरचं ओझं कमी झालं ते त्याच्याबरोबर.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यानं हंगामी-बारमाही हा भेद पुसला. आठवड्याला ४८ तास सगळ्यांना. कापूस फोडणारं यंत्र चालू असलेल्या प्रेसमध्ये बायका-मुलांना कामाला लावू नये, असं कलमही त्यात होतं. पण त्याच वर्षी राज्य कर्मचारी विमा कायदा झाला. आजारपणात दवाखाना, पगाराचा भाग, बाळंतपणात मदत देणारा. तो हंगामी कारखाने सोडून बाकीच्यांना. आणि हंगामी म्हणजे कोण? फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना. तो वर्षातून किती महिने चालतो हे विचारायचंच नाही. १८८१ च्या कायद्यानं निदान महिने तरी मोजले होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत विम्याचं प्रकरण दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना लागू आहे, हंगामी कारखाने वगळून. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा माणसांवरून पुन्हा वीसवर गेली आहे, म्हणजे १९२२ च्या आकड्यावर.

अपघात झाला तर १९२३ च्या कायद्यापासून भरपाईचा हक्क आहे, तो जिनातल्या कामगारालाही आहे. पण भरपाई मिळते ती बोटं गेल्यावर. खोकला, दमा, ताप यांसाठी महिना-महिना दवाखान्यात जायची सोय ही वेगळी गोष्ट. ती हंगामापुरती का असेना, देता येते. नव्या संहितेत मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर स्वेच्छेनं विम्यात येण्याची तरतूद आहे. दसऱ्यानंतर जिनं सुरू झाली की ही तरतूद किती जिनांनी वापरली, एवढं कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारता येईल. आणि शेजारच्या टेकडीवरची खोदाई सहा मीटरच्या आत आहे हे कुणी, कोणत्या दिवशी मोजलं, तेही.