श्रीमती प्रमिला दंडवते यांच्या कारकीर्दीचा कालनिर्णय

निवडणुकीचें पत्रक म्हणजे रद्दी, असा आमच्या कित्येक संग्राहक मित्रांचा ग्रह आहे. सनदेच्या एका तुकड्यासाठीं गांवोगांव हिंडणारे गृहस्थ दादरच्या एखाद्या जुन्या कपाटांतील पत्रकांचा गठ्ठा न सोडतांच परत करतात. तो सोडणें किती अगत्याचें आहे, हें एका प्रकरणावरून दाखवितों.

श्रीमती प्रमिला दंडवते यांचा उल्लेख बहुधा प्रा. मधु दंडवते यांच्या पत्नी असाच होतो. त्यावरून पतीच्या मागून त्या राजकारणांत आल्या असा वाचकाचा समज होतो. सनावळी लावून पाहिली म्हणजे हें मत टिकत नाहीं. बाईंचा जन्म मुंबईस १९२८ मध्यें झाला व विवाह १९५३ मध्यें. १९६८ मध्यें त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. प्राध्यापकमजकूर विधानपरिषदेंत गेले ते १९७० मध्यें, आणि राजापुराहून लोकसभेंत १९७१ मध्यें. अर्थात् निवडून येण्याचा मान घरांत प्रथम पत्नीस मिळाला.

पत्रकाचा काळ ठरविण्यास त्यावर साल छापलेलें असलेंच पाहिजे असें नाहीं. झोपडी हें चिन्ह असल्यास पत्रक प्रजा समाजवादी पक्षाचें, व तो पक्ष १९७१ मध्यें विलीन झाला. चक्रांतील नांगरधारी शेतकरी असल्यास जनता पक्षाचें, म्हणजे १९७७ किंवा त्यानंतरचें. शिवाय लोकसभा-विधानसभेच्या पत्रकांवर मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें कायद्यानेंच छापावीं लागतात. पोथीची पुष्पिका तरी इतकी विश्वासू कोठें असते?

१९६८ चा एक तपशील त्यांच्या चाहत्यांस रुचेल असा नाहीं. त्या निवडणुकींत प्रजा समाजवादी पक्षानें शिवसेनेशीं युती केली होती. हा तपशील गाळणें आम्हांस अप्रशस्त वाटतें.

१९७२ च्या महागाईविरोधी चळवळींत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर व प्रमिलाबाई, पक्षभेद बाजूस ठेवून, एकत्र आल्या. लाटणीं घेऊन स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. आणीबाणींत बाई येरवड्यास व प्राध्यापक बंगळूरास बंदिवान होते. उभयतांनीं त्या काळांत एकमेकांस लिहिलेलीं पत्रें हें तर अव्वल दर्जाचें साधन होय. बखर मागाहून, पुढील हकीकत ठाऊक असतां रचली जाते. सुटका केव्हां होणार हें ठाऊक नसतां लिहिलेल्या पत्रास तो दोष लागत नाहीं.

उत्तर-मध्य मुंबईनें १९७७ मध्यें मार्क्सवादी पक्षाच्या अहिल्याबाईंस व १९८० मध्यें जनता पक्षाच्या प्रमिलाबाईंस लोकसभेंत पाठविलें. १९८० मध्यें देशांत जनता पक्षास केवळ ३१ जागा मिळाल्या, परंतु मुंबईच्या ६ पैकीं ५ त्याच पक्षाच्या होत्या. म्हणून हा विजय सर्वस्वीं बाईंचाच, असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि लागोपाठ दोन निवडणुकांत, दोन निराळ्या पक्षांच्या, चळवळींतून वर आलेल्या स्त्रियांस एकाच मतदारसंघानें निवडावें, ही गोष्ट केवळ लाटेनें उलगडत नाहीं. तिचा उलगडा, आमच्या मतें, १९७२ च्या लाटण्यांत शोधावा लागेल.

गिरगांव, परळ, लालबाग येथील ज्या वाचकांपाशीं अशीं पत्रकें असतील, त्यांनीं त्यांवरील चिन्ह व मुद्रकाचें नांव जसेंच्या तसें उतरून ठेवावें. कागद हलका असल्यानें घड्या मात्र उलट्या घालूं नयेत.