लसणाची चटणी

लसणाची चटणी हे महाराष्ट्रातील घरोघरी केले जाणारे तोंडीलावणे आहे. लसूण, मीठ व मिरची हे तिचे तीन अनिवार्य घटक असून प्रदेशपरत्वे त्यांत सुके खोबरे, शेंगदाणे, तीळ, कारळे किंवा जवस यांची भर पडते. भाकरी, थालीपीठ, आंबोळी, वरण-भात आणि वडापाव यांच्यासोबत ती खाल्ली जाते. ‘चटणी’ हा शब्द मात्र सर्वत्र एकाच अर्थाने वापरला जात नाही. कोल्हापूर परिसरात चटणी म्हटले की बहुधा उन्हाळ्यात वर्षभरासाठी करून ठेवलेला कांदा-लसूण मसाला अभिप्रेत असतो. तो रश्शात घालावयाचा मसाला असल्यामुळे येथे त्याचा विचार केलेला नाही.

नाव व पूर्वपीठिका

मराठी ‘लसूण’ हा शब्द संस्कृत ‘लशुन’ या शब्दापासून आला आहे. संस्कृतात त्यासाठी ‘रसोन’ असाही शब्द असून, सहा रसांपैकी एक रस, म्हणजे अम्ल, उणा असलेला तो रसोन, अशी त्याची परंपरागत फोड सांगितली जाते. ही फोड भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरो वा न उतरो, स्वयंपाकाच्या दृष्टीने ती मार्मिक आहे. लसणाच्या चटणीत चिंच, आमसूल किंवा लिंबू घालण्याची जी चाल आहे, ती नेमकी ही उणीव भरून काढते.

१८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे सापडलेल्या ‘बॉवर हस्तलिखित’ या संस्कृत ग्रंथसमूहातील वैद्यकीय भागाचा आरंभच लसणाच्या वर्णनाने होतो. दुसरीकडे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना लसूण वर्ज्य सांगितला आहे. औषध म्हणून गौरव आणि अन्न म्हणून निषेध, असा हा दुहेरी वारसा आहे. आज ओळखीची असलेली लालभडक चटणी मात्र फार प्राचीन असू शकत नाही, कारण मिरची ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती असून ती पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आली.

चव कशी घडते

अखंड पाकळीला जवळजवळ वास नसतो. पाकळीच्या पेशींमध्ये अलीइन हे गंधकयुक्त द्रव्य आणि अलीनेझ हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चिरल्याने किंवा ठेचल्याने कप्पे फुटतात, दोन्ही द्रव्ये एकत्र येतात आणि काही क्षणांत अलिसिन तयार होते. लसणाचा झणझणीतपणा व उग्र वास त्याचाच. कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकी संशोधकांनी १९४४ मध्ये अलिसिन वेगळे करून त्याचे वर्णन केले.

चटणी करणाऱ्याच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब अशी की उष्णतेने अलीनेझ निकामी होते. त्यामुळे आधी ठेचणे व मग भाजणे, आणि आधी भाजणे व मग ठेचणे, या दोन कृतींतून दोन निराळ्या चवी निघतात. सबंध पाकळ्या तेलात तांबूस परतून मग कुटल्या तर झणका जवळजवळ निघून जातो आणि गोडसर, खमंग चव येते. कच्च्या पाकळ्या ठेचून चटणीत मिसळल्या तर तोच लसूण नाकाला झोंबतो. दोन घरांतील चटणी समान साहित्य असूनही वेगळी लागते, याचे कारण पुष्कळदा ‘हाताच्या चवीत’ शोधले जाते. ते बहुतेक वेळा या क्रमात असते.

साधनाचाही परिणाम होतो. सुरीने चिरताना थोड्याच पेशी फुटतात, तर खलबत्त्यात किंवा पाट्यावर बहुतेक सर्व चिरडल्या जातात. कुटताना सुरुवातीलाच जाडे मीठ घातल्यास ते खरखरीत असल्यामुळे पाकळ्या लवकर मोडतात. अलिसिन टिकाऊ नसते. त्यामुळे कच्च्या लसणाच्या चटणीचा तिखटपणा काही दिवसांत मऊ होतो व वास बदलतो.

लसूण करपणे हा यातील न सुधारणारा दोष होय. त्यात शर्करा व फ्रुक्टन ही कर्बोदके बरीच असल्यामुळे बारीक तुकडे गरम तेलात फार लवकर तपकिरी होतात आणि पाठोपाठ कडू पडतात. तो कडवटपणा खोबऱ्याने वा गुळाने झाकत नाही.

प्रकार

सुक्या खोबऱ्याची चटणी सर्वाधिक प्रचलित आहे. सोलापूरची शेंगा चटणी शेंगदाणे व लसूण एकत्र कुटून करतात. उखळातील माराने दाण्यांचे तेल सुटते आणि चटणी किंचित ओलसर होते. ठेचा हा हिरव्या मिरचीचा प्रकार असून त्यात मिरच्या व लसूण तव्यावर थोड्या तेलात भाजून तेथेच वाटीच्या किंवा तांब्याच्या बुडाने रगडतात. हिवाळ्यात बाजारात येणाऱ्या पातीच्या लसणाची ओली चटणीही होते. ती त्याच दिवशी संपवावी.

वडापावात भुरभुरली जाणारी कोरडी लाल चटणी ही खोबऱ्याच्या चटणीचीच शाखा आहे. वडापावाच्या आरंभाचे श्रेय सामान्यतः १९६६ च्या सुमारास मुंबईत दादर रेल्वे स्थानकाबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिले जाते. या खाद्यपदार्थामुळे लसणाची चटणी महाराष्ट्राबाहेरही परिचित झाली.

घरगुती कृती

एक वाटी किसलेल्या सुक्या खोबऱ्यास पंधरा ते वीस मध्यम पाकळ्या, दोन ते तीन चमचे लाल तिखट व चवीपुरते मीठ हे प्रमाण रूढ आहे. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी लवंगी मिरची मिसळून घेतात. खोबरे मंद आचेवर बदामी रंगापर्यंत भाजून ताटात पसरावे, कारण तापलेल्या कढईत ते भाजतच राहते. त्याच कढईत चमचाभर तेलात पाकळ्या परताव्यात. गॅस बंद केल्यावर तिखट घालावे. चालू आचेवर ते काळवंडते व खोकला आणते. सर्व साहित्य पूर्ण गार झाल्यावरच कुटावे. मिक्सर वापरल्यास तो थांबवून थांबवून फिरवावा. सलग फिरवल्यास खोबऱ्याचे तेल सुटून गोळा होतो.

लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातल्यावर लसूण कधीकधी हिरवट-निळा पडतो. हा आम्लामुळे होणारा रासायनिक बदल असून तो निरुपद्रवी आहे.

साठवण व सुरक्षितता

कोरडी चटणी टिकते ती पाण्याच्या अभावामुळे. लसूण नीट परतलेला असेल तर कोरड्या बरणीत ती दोन-तीन आठवडे राहते. पुढे खोबरे खवट होते. कच्चा लसूण घातलेली चटणी फ्रिजमध्ये ठेवणे योग्य.

तेलात बुडवून ठेवलेला ओला लसूण ही मात्र वेगळी आणि धोक्याची गोष्ट आहे. लसूण जमिनीखाली वाढतो व त्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. हे बीजाणू साध्या शिजवण्याने मरत नाहीत. तेलाखाली हवा पोहोचत नाही, लसणात ओलावा असतो आणि आम्लता कमी असते. अशा स्थितीत सामान्य तापमानाला ते वाढून बोट्युलिझम हा मज्जासंस्थेवर आघात करणारा घातक विकार घडवणारे विष तयार करतात. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९८५ मध्ये एका उपाहारगृहातील तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना ही बाधा झाली. १९८९ मध्ये अमेरिकेतही असाच प्रकार घडल्यावर तेथील अन्न व औषध प्रशासनाने अशा विक्रीच्या उत्पादनांत आम्ल घालणे सक्तीचे केले.

वरून तेल ओतले की पदार्थ टिकतो, हा लोणच्यावरून घेतलेला समज येथे लागू पडत नाही. लोणच्यात भरपूर मीठ व आंबटपणा असतो, ओल्या ठेच्यात किंवा घरच्या लसूण-वाटणात तो तेवढा नसतो. या विषाची बाधा झालेला पदार्थ वासाने वा चवीने ओळखू येईलच असे नाही. म्हणून तेलातला ठेचा व आले-लसूण वाटण फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे आणि अधिक काळासाठी गोठवावे.

आहारातील स्थान

शेतकरी व कष्टकरी वर्गात भाकरी, चटणी व कांदा हे पूर्ण जेवण होते व अनेक ठिकाणी आजही आहे. शेतावर नेण्यास ती सोयीची, कारण सांडत नाही आणि दुपारपर्यंत आंबत नाही. जैन आहारात कंद वर्ज्य असल्याने लसूण चालत नाही. अनेक हिंदू कुटुंबांत चातुर्मासात कांदा, लसूण व वांगी टाळतात. त्यापूर्वी आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, हे पदार्थ हौसेने खाल्ले जातात. त्या चार महिन्यांत तीच चटणी लसणाऐवजी जिरे घालून केली जाते.