नेटवर्कवरील प्रिंटर मंदावला, तर दोष कुठे शोधावा?

कार्यालय पंचायतीचे असो, पतसंस्थेचे असो वा शाळेचे. सर्वांना सामाईक असलेला प्रिंटर रेंगाळू लागला की खिडकीपुढची रांग वाढू लागते. ‘यंत्र जुने झाले, नवे घ्या’ असा सल्ला अशा वेळी चटकन मिळतो. मात्र दोष यंत्रात नसेल, तर नव्या यंत्रावर केलेला खर्च वाया जातो आणि विलंब होता तसाच राहतो. म्हणून खरेदीपूर्वी वेळ नेमका कुठे खर्च होतो, हे तपासणे अगत्याचे ठरते.

छपाईची आज्ञा दिल्यावर मजकूर चार टप्प्यांतून जातो. संगणकातील ड्रायव्हर त्याचे प्रिंटरला कळेल अशा भाषेत रूपांतर करतो, स्पूलर त्याला रांगेत ठेवतो, नेटवर्क तो वाहून नेते आणि प्रिंटरमधील प्रोसेसर त्यातून पानावरचे ठिपके घडवतो. यांपैकी कोणताही टप्पा अडला, तरी ठपका मात्र प्रिंटरवरच येतो.

पहिली पायरी : दोषाची जागा ठरवणे

प्रिंटरच्या स्वतःच्या पॅनेलवरून चाचणीपान काढावे. त्यात संगणकाचा सहभाग नसतो. ते वेळेत निघाले, तर यंत्राचा छपाईचा भाग बहुधा ठीक आहे. नंतर एका संगणकावरून साध्या मजकुराची दहा पाने छापावीत आणि घड्याळ लावावे. मिनिटाला ३० पानांची क्षमता असलेल्या यंत्रातून, पहिले पान निघाल्यानंतर, सुमारे दर दोन सेकंदांनी एक पान बाहेर यायला हवे. शक्य असल्यास तीच पाने यूएसबी केबल जोडून छापावीत. केबलने वेग आला, तर शोध नेटवर्ककडे अथवा पोर्टच्या जोडणीकडे वळवावा.

पहिल्याच पानाला उशीर

पहिले पान उशिरा येऊन पुढची सलग निघत असतील, तर प्रिंटर निद्रावस्थेतून जागा होण्यास वेळ घेत असावा. निद्रेपूर्वीचा अवधी सेटिंगमध्ये वाढवता येतो. विंडोजमध्ये प्रिंटर ‘डब्ल्यूएसडी’ पोर्टवर जोडलेला असल्यास तो ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्टवर जोडून पाहावा आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता कायम राखून ठेवावा. रांगेत अडकलेली जुनी कामे काढून टाकावीत. सी ड्राइव्हवर पुरेशी मोकळी जागा आहे ना, तेही पाहावे.

पानापानांत खंड

येथे मजकुराचा भार महत्त्वाचा ठरतो. ए-४ आकाराच्या पानावर दर इंचाला ६०० ठिपके या प्रमाणात सुमारे साडेतीन कोटी ठिपके मावतात. १२०० केल्यास ही संख्या चौपट होते. पत्र वा पावतीसाठी ६०० पुरेसे असतात. स्कॅन केलेले उतारे आणि मोठी छायाचित्रे असलेली पीडीएफ फाइल जड असते. ती कमी रिझोल्यूशनमध्ये जतन करून छापावी. यंत्रात सोय असल्यास पोस्टस्क्रिप्टऐवजी पीसीएल ड्रायव्हर वापरूनही फरक पडतो का, हे पाहता येते. कागदाच्या प्रकारात चुकून ‘जाड कागद’ निवडलेला असेल, तर टोनर पक्का व्हावा म्हणून यंत्र स्वतःच वेग घटवते. ‘शांत छपाई’ची सोय चालू असल्यासही वेग कमी होतो.

सर्वांनाच विलंब

एकाच संगणकाला त्रास असेल, तर त्याचा ड्रायव्हर नव्याने बसवावा. सर्वांनाच असेल, तर प्रिंटर, केबल, स्विच वा प्रिंट सर्व्हर संशयित ठरतात. संगणकावरून प्रिंटरच्या पत्त्यावर ‘पिंग’ आज्ञा द्यावी. तारेच्या जोडणीत उत्तर काही मिलिसेकंदांत आणि न चुकता यायला हवे. उत्तरे गळत असतील, तर आधी केबल, मग स्विचचे पोर्ट बदलून पाहावे. वायफायवरचा प्रिंटर दूर वा जाड भिंतीआड असल्यास तारेची जोडणी अधिक भरवशाची.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर तीच दहा पाने छापून वेळ वहीत लिहावी. अनेक बदल एकदम केल्यास कोणत्या उपायाने गुण आला, हे कळत नाही. एवढे करूनही चाचणीपानच रखडत असेल, तर मात्र तंत्रज्ञाला बोलवावे. वहीतील नोंदी पाहून त्याचेही निदान लवकर होईल आणि नवे यंत्र घ्यायचे की नाही, हा निर्णय अंदाजावर राहणार नाही.