प्राचीन चीन आणि तेथील दोन स्त्रिया



स्मरणिकेसाठी काही लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे लग्न, संसार, मुले. परंतु मुलीच्या अभ्यासाच्या निमित्ताने प्राचीन चीनविषयी जे वाचनात आले, त्यातील दोन स्त्रिया मनातून जाईनात. त्यांचीच ओळख करून देते.

प्रथम त्यांचा देश पाहू. चीनच्या पश्चिमेस तिबेटचे उंच पठार, उत्तरेस गोबीचे वाळवंट, पूर्वेस समुद्र. या कुंपणाच्या आत दोन महानद्या. उत्तरेची ह्वांग हो म्हणजे पीत नदी. ती पिवळी माती वाहून आणते, म्हणून तिचे हे नाव. त्या मातीत राळे पिके. परंतु पूर आला की तीच नदी गावेच्या गावे बुडवी, म्हणून तिला ‘चीनचे दुःख’ असेही म्हणतात. दक्षिणेस यांगत्से नदीच्या खोऱ्यात भाताची शेती.

पीत नदीच्या प्रदेशात इ. स. पू. १६०० च्या सुमारास शांग घराण्याचे राज्य सुरू झाले. आपल्याकडे देवळात कौल लावतात ना, तसा शांग राजेही कौल लावीत. बैलाचे हाड किंवा कासवाचे कवच तापवावयाचे, पडलेल्या भेगा पाहून शुभाशुभ ठरवावयाचे आणि प्रश्न त्यावरच कोरून ठेवावयाचा, अशी ती रीत. अशा अनेक हाडांवर वू दिंग राजाची राणी फू हाओ हिचे नाव येते. ती तेरा हजार सैन्य घेऊन लढाईस गेल्याचा उल्लेख आहे. १९७६ साली आन्यांग येथे तिची कबर सापडली. ते उत्खनन जंग झेनश्यांग या स्त्री-संशोधिकेने केले. कबरीत काशाच्या चारशेहून अधिक वस्तू, सातशेहून अधिक जेड दगडाच्या वस्तू आणि हजारो कवड्या होत्या.

पण याच राणीच्या बाळंतपणाचाही कौल लावलेला आहे. त्याचे फळ काय लिहिले? शुभ झाले नाही, मुलगी झाली! आई सेनापती असूनही लेकीचा जन्म अशुभच. हे वाचून हातातले काम थांबले.

शांगांनंतर इ. स. पू. १०४६ च्या सुमारास चौ घराणे आले. पुढे त्याची सत्ता ढिली पडली, राज्ये आपसात लढू लागली, आणि माणसाने कसे वागावे, याचा विचार त्याच धामधुमीत झाला. कन्फ्यूशियस (इ. स. पू. ५५१ ते ४७९) म्हणे, घरात व राज्यात प्रत्येकाने आपले नाते नीट पाळावे. लाओत्सेच्या पंथाने पाण्यासारखे नम्र राहण्यास सांगितले. मऊ पाणीच कठीण खडक झिजविते. तिसरे म्हणत, कडक कायद्यावाचून माणूस वळत नाही. त्यांच्याच मताने चालून छिन राजाने इ. स. पू. २२१ मध्ये सारा चीन एक केला. वजने, मापे व लिपी एकसारखी केली. परंतु इ. स. पू. २१३ मध्ये त्याने ग्रंथ जाळविले. त्याचे घराणे पंधरा वर्षेच टिकले.

मग हान घराणे आले, आणि त्या काळात माझी दुसरी स्त्री झाली, बान चाओ. चौदाव्या वर्षी लग्न, लवकरच वैधव्य. तिच्या वडिलांनी आरंभिलेला हान घराण्याचा इतिहास भाऊ लिहीत होता, तो इ. स. ९२ मध्ये तुरुंगात वारला. बादशहाने ते काम बहिणीला सांगितले आणि तिने ते तडीस नेले. ग्रंथ इतका अवघड की मोठे पंडित तो तिच्याकडून वाचावयास शिकले. राणीचीही ती शिक्षिका झाली.

तिने स्त्रियांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात नम्रतेचा व पतिसेवेचा उपदेश पुष्कळ आहे. तो सारा मला पटत नाही. पण त्यातच ती विचारते, आठव्या वर्षापासून मुलांना शिकविता, तर मुलींना का नाही? आमच्या घरी भाऊ पुढे शिकले, मी चुलीपाशी आले. तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नाही. मलाही तो सुचला नाही.

म्हणून एवढेच सांगते. आपल्या मंडळाच्या परिसरातील एकाही मुलीचे शिक्षण मध्येच थांबणार असेल, तर आपण चौघीजणी तिच्या घरी जाऊन बसू या. हाडावर कोरलेला तो जुना कौल पुसावयाचा, तर तो असाच पुसला जाईल.