बर्गी, दादनी आणि कलकत्त्याचा खंदक

कलकत्त्यास राहणाऱ्या मराठी माणसास एक प्रश्न केव्हा ना केव्हा ऐकावा लागतोच : आपण बर्गींचे वंशज काय ? बंगालमधील माता मुलांना निजविताना ज्यांचे भय घालीत, तेच हे बर्गी. प्रश्न थट्टेचा असतो, आणि आपणही तो हसून सोडून देतो. परंतु त्या काळाचा इतिहास चाळला असता आम्हांस असे वाटते की, ही कथा जितकी तलवारीची आहे, तितकीच धान्याच्या पोत्यांची व मालाच्या वाहतुकीची आहे. व्यापारी जगात आज जिला पुरवठा-साखळी म्हणतात, ती तुटली म्हणजे काय होते, हे आपल्याच पूर्वजांनी येथे दाखवून दिले.

'बर्गी' म्हणजे आपला बारगीर. शिलेदार स्वतःचा घोडा आणी. बारगिरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर हे १७४२ च्या वसंतात असे घोडदळ घेऊन बंगालमध्ये उतरले. दाणावैरण मुलखातूनच घ्यावयाची, हा त्या लष्कराचा शिरस्ता. त्याची चपळाई यातच होती, आणि रयतेची विपत्तीही यातच.

नबाब अलिवर्दीखान बर्दवानजवळ असता मराठ्यांनी त्याची रसद तोडली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराणा'त त्या दिवसांचे वर्णन केले आहे : तांदूळ, डाळ, तेल, मीठ रुपयास शेर झाले, लोक केळीचे कंद उकडून खाऊ लागले. नबाब लढत लढत काटव्यास पोचला, तो तेथील धान्यही जाळलेले. मुर्शिदाबादेहून रसद आली, तेव्हा फौज सावरली.

या मुलखाचा व्यापार 'दादनी'वर चाले. दादनी म्हणजे आगाऊ रक्कम. कंपनी ती कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांस देई, व्यापारी दलाल-पैकारांस, ते विणकरांस. आणि कित्येक महिन्यांनी त्याच वाटेने कापड व रेशीम भागीरथीतील नावांतून खाली येई. जहाजे वाऱ्याच्या हिशेबाने सुटत. माल उशिरा आला म्हणजे वर्षाचा धंदा बुडाला. अशा व्यवस्थेत पैसा वर्षातील बराच काळ दुसऱ्याच्या हाती असतो. विणकर माग टाकून नदीपलीकडे पळाला की वरपर्यंतच्या सगळ्या खात्यांत खड्डा पडे. मोठ्यांची गोष्ट निराळी. मे १७४२ मध्ये मुर्शिदाबादेत जगत्‌शेठांची कोठी लुटली गेली, तरी त्या पेढीचा व्यवहार चालूच राहिला. झोपडीतल्या विणकरास एक हंगाम पुरे होई.

कलकत्तेकरांनीही धास्ती घेतली. नबाबाच्या परवानगीने शहराभोवती खंदक खणण्यास प्रारंभ झाला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल झाले आणि काम थांबले, कारण मराठे शहरावर आलेच नाहीत. १७९९ मध्ये तो बराचसा बुजवून सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन हे नाव अद्याप आहे. जिज्ञासूंनी अवश्य जाऊन यावे. गंमत अशी की, पश्चिम तीरावरून जीव घेऊन निघालेली माणसे, त्यांत व्यापारी व कारागीरही, पूर्वेकडे आली आणि त्यांतील कित्येकांनी कलकत्त्यातच घर केले. ज्या स्वाऱ्यांनी खेडी ओस पाडली, त्यांनीच हे शहर भरले.

१७४४ मध्ये भास्कररामांना भेटीस बोलावून मनकरा येथे दग्याने मारण्यात आले. त्याने स्वाऱ्या थांबल्या नाहीत. उलट सूडाची भर पडली. अखेर १७५१ च्या तहाने नबाबाने दरसाल १२ लाख रुपये चौथाई कबूल केली व ओरिसाचा वसूल भोसल्यांकडे गेला. रघूजींच्या दृष्टीने हा विजयच. नागपूरच्या दप्तरात तो तसा शोभतोही.

कलकत्त्यात मात्र दादनी व्यापाऱ्यांकडील थकबाकी साचत गेली होती. तिची कारणे अनेक होती, सारा दोष मराठ्यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. पण स्वाऱ्यांचा वाटा त्यात निश्चित होता. १७५३ मध्ये कंपनीने दादनी व्यापाऱ्यांना दूर सारले आणि आपले पगारी गुमास्ते थेट आडंगांत, म्हणजे माल गोळा होण्याच्या ठिकाणी, पाठविले. मधला देशी व्यापारी गेला. विणकराच्या दाराशी आता कंपनीचा माणूस उभा राहिला, आणि पलाशीस अजून चार वर्षे अवकाश होता.