मोटारसायकलच्या टायरमधील मंद हवागळती

मोटारसायकलच्या टायरमधील हवा काही तासांत किंवा काही दिवसांत हळूहळू कमी होत जाणे, यास मंद हवागळती असे म्हणतात. बोलण्यात तिला ‘स्लो पंक्चर’ हा शब्द रूढ आहे. टायर एकाएकी बसल्यास दोष लगेच ध्यानात येतो. मंद गळतीत मात्र हवा भरताच वाहन पुन्हा चालू लागते आणि मूळ कारणाचा शोध राहून जातो. कमी हवेवर धावणाऱ्या टायरच्या बाजू वारंवार दुमडतात, तापतात व कमकुवत होतात. वळणावर आणि ब्रेक लावताना तोल सांभाळणे अवघड होते. पुढच्या चाकाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

रचना

हवेचा टायर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे सायकलसाठी प्रचारात आणला. आजच्या मोटारसायकलींवर ट्यूब असलेले आणि ट्यूबविरहित असे दोन प्रकारचे टायर आढळतात. आऱ्यांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. ट्यूबविरहित टायरमध्ये टायरची कड रिमवर घट्ट बसून हवा अडवते. हवा भरण्याची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, ऑगस्ट श्रेडर यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या पेटंटचे वर्ष १८९३ आहे. या व्हॉल्व्हच्या नळीत स्प्रिंग असलेली पिन असते. पिन सैल झाल्यास किंवा तिच्यात धूळ अडकल्यास तेथूनच हवा निसटते.

हवा कमी होण्याची स्वाभाविक कारणे

दाब घटला म्हणजे छिद्र पडलेच, असे नाही. रबरातून हवेचे रेणू अत्यंत सावकाश झिरपतात. त्यामुळे निर्दोष टायरमधूनही महिन्याला साधारण १ ते २ पौंड दाब कमी होऊ शकतो. येथे पौंड म्हणजे पौंड प्रति चौरस इंच.

दुसरे कारण तापमान होय. आकारमान स्थिर असताना वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. भद्रावतीत उन्हाळ्याच्या दुपारी ४३ अंश सेल्सियस तापमान असताना टायरमध्ये २८ पौंड हवा भरली आणि पहाटे तापमान २७ अंशांवर आले, असे मानू. वातावरणाचा दाब हिशेबात घेतल्यास पहाटे मापक सुमारे २६ पौंड दाखवील. हे २ पौंड गळालेले नसतात. नुकत्याच धावलेल्या, तापलेल्या टायरमध्ये हवा भरल्यास हा फरक आणखी वाढतो.

निदान

पहिली पायरी मोजणीची. सलग तीन दिवस सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, एकाच मापकाने दोन्ही चाकांचा दाब मोजून लिहून ठेवावा. दोन्ही चाकांत सारखीच थोडी घट दिसल्यास कारण बहुधा तापमानाचे असते. एकाच चाकाचा दाब सतत घटत असल्यास गळती आहे असे समजावे. मापक लावताना थोडी हवा निसटतेच, म्हणून पुन:पुन्हा मोजू नये.

दुसरी पायरी व्हॉल्व्हची. टोपण काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवावा. थेंब फुगू लागल्यास पिन घट्ट करावी किंवा बदलावी. ट्यूबविरहित चाकात व्हॉल्व्हच्या बुडाशी रबराला तडे गेले आहेत का, हेही पाहावे.

तिसरी पायरी टायरच्या पृष्ठभागाची. चाक सावकाश फिरवून काटा, खिळा किंवा तार शोधावी. ट्यूबविरहित टायरवर व रिमच्या कडेवर साबणाचे पाणी लावल्यास गळतीच्या जागी बारीक फेस येतो. खिळा सापडला तरी दुरुस्तीची सोय होईपर्यंत तो उपटू नये. पुष्कळदा त्यानेच छिद्र बरेचसे बुजलेले असते.

ट्यूब असलेल्या टायरमध्ये शेवटी ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरतात आणि पाण्याच्या घमेल्यात ती थोडी थोडी बुडवून बुडबुडे पाहतात. छिद्राची जागा कारण सांगते. छिद्र बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडील अंगास असल्यास काटा किंवा खिळा कारणीभूत असतो. ते आतल्या अंगास असल्यास आऱ्याचे टोक, रिमवरील सरकलेली रबरी पट्टी किंवा गंज यांचा संशय घ्यावा. जवळजवळ दोन समांतर चिरा दिसल्यास कमी हवेच्या ट्यूबला खड्ड्यात रिमचा चिमटा बसलेला असतो. जुन्या ठिगळाची कड सुटली आहे का, तेही तपासावे.

भद्रावती परिसर

भद्रावती हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण चंद्रपूर–नागपूर मार्गावर आहे. तालुक्यात कोळसा खाणी आणि आयुध निर्माणी आहे. पाळीच्या कामावर ये-जा करणाऱ्यांना दुचाकी सोयीची पडते. शेताच्या कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीचे व बोरीचे काटे पांदण रस्त्यांवर पडलेले असतात. बाभळीच्या काट्याचे टोक टायरमध्येच मोडून राहते. ते न काढता ट्यूबला ठिगळ लावल्यास किंवा नवी ट्यूब घातल्यास काही दिवसांत पुन्हा त्याच जागी छिद्र पडते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रिमच्या कडेशी साचून लोखंडी रिमला गंज चढतो.

भद्रावतीच्या पूर्वेस ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे. प्रकल्पालगतच्या रस्त्यांवर वस्ती विरळ असून वाघ व अस्वल यांचा वावर असतो. अंधार पडल्यावर तेथे गाडी ढकलत नेण्याची वेळ येणे जिवावर बेतू शकते. म्हणून संशयित चाकाची तपासणी प्रवासास निघण्यापूर्वीच होणे आवश्यक ठरते.

दुरुस्ती व दक्षता

ट्यूबमधील छिद्राची जागा टायरवर ताडून पाहावी आणि टायरची आतील बाजू कापड फिरवून चाचपावी. कापड अडकते तेथे काटा असतो. ट्यूबविरहित टायरच्या तळव्यातील लहान छिद्र चिकट रबरी वातीने बुजवतात. आतून लावलेले ठिगळ अधिक टिकाऊ असते. टायरच्या बाजूस छेद गेल्यास टायर बदलावा. दुरुस्तीनंतर वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी हवा भरून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजावी. दाब टिकून राहिला, तरच निदान योग्य ठरले असे मानता येते.