एका हाती किती कुत्री?

कुत्र्याला फिरावयास नेणे हा इतिहासाचा विषय आहे असे म्हटले, तर तुम्हांस हसू येईल. आपल्या खेड्यात कुत्र्याला कोणी फिरवीत नाही. ते आपले आपण गावभर हिंडते, उन्हे चढली की वळचणीला येऊन पडते आणि रात्री कोणी परका दिसला की सारी आळी जागी करते. धनगराच्या मेंढरांमागून चार कुत्री चालली, तरी ती मोजावयास कोणी जात नाही. लंडन शहरात मात्र एका माणसाने सार्वजनिक बागेत एका वेळी किती कुत्री न्यावीत, याचे लेखी नियम आहेत. कोठे चार, कोठे सहा. त्याहून एक अधिक नेले की दंड भरावा लागतो.

श्रीमंत देशाचे हे चोचले आहेत, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. पण या नियमाचा माग काढीत गेले म्हणजे आपण थेट तेराव्या शतकात जाऊन पोहोचतो. आणि तेथे जी भांडणे दिसतात ती आपल्या गायरानाच्या भांडणांहून फार निराळी नाहीत.

शिक्षकमंडळी वर्गात १२१५ सालची मॅग्ना कार्टा ही सनद शिकवतात. तिच्या पाठोपाठ, नोव्हेंबर १२१७ मध्ये, आणखी एक सनद निघाली. तिला ‘वनांची सनद’ म्हणतात. ती तिसऱ्या हेन्री राजाच्या नावाने निघाली. नावाने म्हणावयाचे, कारण राजेसाहेब त्या वेळी अवघे दहा वर्षांचे होते. आता ‘राजाचे वन’ म्हणजे केवळ झाडी नव्हे, बरे का. त्याच्या हद्दीत गावे असत, शेते असत, कुरणे असत. फक्त तेथली हरणे राजाची. हरणाने तुमचे उभे पीक खाल्ले तरी तुम्ही त्याला मारावयाचे नाही. मग शेतकऱ्याचे राखणीचे कुत्रे त्या हरणामागे धावले तर? त्यावर उपाय असा योजला होता की, कुत्र्याच्या पुढल्या पायाची नखे तोडून त्याला कायमचे अधू करून ठेवावयाचे. राखणीपुरते भुंकावे, पण पळू नये!

सनदेने ही क्रूर चाल बंद केली नाही, तथापि तिला बांध घातला. कुत्र्यांची तपासणी तीन वर्षांतून एकदाच व्हावी, ती भल्या माणसांच्या साक्षीने व्हावी, नखे तीनच तोडावीत आणि पंजाची गादी शाबूत ठेवावी. ज्याच्या कुत्र्याची नखे तोडलेली नसतील त्याला तीन शिलिंग दंड. आणि पुढे एक छोटे वाक्य आहे, ते मला फार बोलके वाटते: या कारणासाठी यापुढे कोणाचा बैल नेऊ नये. ‘यापुढे नेऊ नये’ असे ज्याअर्थी लिहावे लागले, त्याअर्थी तोवर नेत असलेच पाहिजेत. कुत्र्याची नखे राहिली म्हणून गोठ्यातला बैल जप्त! ऐन नांगरणीत असे घडले, तर त्या घरी काय कल्लोळ उडत असेल, ते तुम्हांला मी निराळे सांगावयास नको.

१३९० साली दुसऱ्या रिचर्डच्या काळात याहून नमुनेदार कायदा झाला. वर्षाला चाळीस शिलिंगांचे उत्पन्न देणारी जमीन ज्याच्यापाशी नाही, अशा मजुराने किंवा कारागिराने शिकारी कुत्रे पाळावयाचेच नाही. कारण काय दिले होते पाहा. सणावाराच्या दिवशी भले लोक प्रार्थनेला चर्चमध्ये गेले असता ही माणसे कुत्री घेऊन बड्या लोकांच्या रमण्यांत शिरतात, आणि शिकारीच्या मिषाने एकत्र जमून बंडाची खलबते करतात! या कायद्याच्या नऊच वर्षे आधी, १३८१ मध्ये, इंग्लंडात शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला होता. तेव्हा सरकारला खरे भय कुत्र्यांच्या दातांचे नव्हते, कुत्र्यांमागून चालणाऱ्या माणसांच्या घोळक्याचे होते. पुढे १६७१ च्या कायद्याने ही रेघ आणखी वर नेली. वर्षाला शंभर पौंड देणारी स्वतःच्या मालकीची जमीन असेल तरच शिकारी कुत्रे ठेवण्याचा अधिकार. म्हणजे ज्याच्यापाशी जमीन त्याला हवी तितकी कुत्री, आणि ज्याच्यापाशी नाही त्याला एकही नाही. शिकारीच्या हक्कासाठी मालमत्तेची ही अट १८३१ पर्यंत टिकली.

मधल्या काळात मोकळ्या जमिनीवरून वेगळाच झगडा चालू होता. लंडनच्या नैऋत्येस रिचमंड येथे पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये हजारो एकर जमिनीभोवती भिंत घातली आणि आत हरणे सोडली. त्या भिंतीच्या आत लोकांची शेते गेली, गावकुरणे गेली. ओरड झाली तेव्हा पायी जाण्यासाठी वाट आणि भिंतीवरून चढण्यास शिड्या ठेवल्या. शंभरएक वर्षांनी राजकन्या अमेलिया या उद्यानाची अधिकारी झाली, आणि तिने सामान्य लोकांना वाट बंद केली. बिअर तयार करून विकणारा जॉन लुइस नावाचा एक व्यापारी तेथे राहत होता. त्याने कोर्टात दावा लावला आणि १७५८ साली तो जिंकला. शिड्या पुन्हा लागल्या. त्या निकालाचा कुत्र्यांशी संबंध नाही. पण माणूस एकदा हक्काने आत गेला, की त्याचे कुत्रे मागोमाग जाणारच. हरणे त्या उद्यानात आजही आहेत, आणि हरिणी वितात त्या दिवसांत कुत्र्याला पट्ट्याने धरूनच चालावे लागते.

एकोणिसाव्या शतकात हरणांची चिंता मागे पडून पिसाळलेल्या कुत्र्याची भीती पुढे आली. १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना मोकाट कुत्री पकडण्याचा अधिकार दिला. १८९७ मध्ये वॉल्टर लाँग या मंत्र्याने मोठमोठ्या टापूंतील कुत्र्यांना मुसके बांधण्याची सक्ती केली. मळणीच्या बैलाला आपण बांधतो तसेच मुसके, फक्त तारेचे किंवा चामड्याचे. लोकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. पण १९०२ पर्यंत रोग हटला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो परतला आणि १९२२ साली पुन्हा घालविला गेला.

याच भीतीपोटी आपल्या मुंबईत जे घडले ते मात्र वेगळ्या वळणाने गेले, म्हणून तेही सांगतो. मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम कंपनी सरकारने काढला होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवले होते. आठ आण्यांच्या लोभाने घराच्या ओट्यावरची पाळीव कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. ६ जून १८३२ या दिवशी पारशी लोकांचा सण होता. त्यांच्या धर्मात कुत्र्याचा मान मोठा. जमाव खवळला, मारामारी झाली, दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले. जमशेटजी जीजीभाई यांनी मध्यस्थी केली. पुढे १८३४ मध्ये त्यांनी आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरपोळ स्थापन केला. इंग्लंडात मुसके आले, येथे पांजरपोळ आला.

आता संख्येच्या नियमाकडे येऊ. लंडनसारख्या शहरात नवरा-बायको दोघेही दिवसभर कामावर जातात. घरात कोंडलेल्या कुत्र्याला दुपारी बाहेर नेण्यासाठी माणूस ठेवावा लागतो. असा माणूस चार-सहा घरची कुत्री गाडीत घालतो आणि बागेत घेऊन जातो. तीच त्याची रोजी. एक कुत्रे असले तर काही बिघडत नाही. परंतु सात कुत्री असली म्हणजे एक घाण करते, ती उचलावयास माणूस वाकतो, तोवर दुसरी दोन खेळणाऱ्या पोरामागे लागतात आणि त्या दोघांचे पाहून बाकीची सुटतात. एकेकटे शांत असणारे कुत्रे टोळीत गेले की वेगळे वागते, हे तुम्ही गावच्या वेशीवर पाहिलेच असेल. म्हणून २००५ सालच्या कायद्याने स्थानिक संस्थांना एका माणसाच्या कुत्र्यांची कमाल संख्या ठरविण्याची मुभा दिली. एका माणसाला फार तर सहा कुत्री आवरता येतात, असे सरकारच्या मार्गदर्शिकेत म्हटले होते. पुढे २०१४ मध्ये नवा कायदा आला. त्याखाली रिचमंड नगरपरिषदेने २०१७ मध्ये आपल्या बागांत चारची मर्यादा घातली. परवाना काढला तर सहा. याविरुद्ध एक बाई उच्च न्यायालयात गेल्या. २०१८ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. ज्या गावचा जॉन लुइस जिंकला, तेथलीच ही गोष्ट. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१३ पासून अशा धंदेवाल्यांना परवाना लावला आहे. तेथे कमाल संख्या आठ.

माझे मत विचाराल तर १३९० च्या कायद्यापेक्षा हा नियम कितीतरी सरळ आहे. तो कायदा विचारी, तुझी जमीन किती? हा नियम विचारतो, तुझ्या हातून किती आवरतील? बागेत बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याचा जीव दचकू नये, एवढेच त्याला पाहावयाचे आहे. मात्र भार पडतो तो त्या रोजीवाल्यावर. सहाऐवजी चार म्हणजे दुपारची तिसरा हिस्सा मिळकत गेली. आणि परवाना काढावयाचा तर फी आलीच. ज्याच्या स्वतःच्या बंगल्यामागे बाग आहे, त्याला हा नियम कधी शिवतही नाही.

आणि जुना काळ अगदीच गेला आहे असेही नाही. मेंढरांच्या रक्षणासाठी इंग्लंडात १९५३ साली एक कायदा झाला. कुत्र्याने मेंढरांवर हल्ला करणे किंवा त्यांचा पाठलाग करणे हा त्याने गुन्हा ठरविला. १९८१ मध्ये मेंढरे असलेल्या रानात कुत्रे मोकळे सोडणे हाही गुन्हा ठरविला, आणि त्याला काही अपवाद घातले. मेंढपाळाचे शिकविलेले कुत्रे, अंधाला वाट दाखविणारे कुत्रे, पोलिसांचे कुत्रे हे त्यात आले, ते योग्यच झाले. पण त्याच यादीच्या शेवटी आणखी एक नाव आहे: शिकारी कुत्र्यांचा ताफा.